आठ थाऊची फट

बेळगावात उद्यमबागला कारखान्याच्या शॉपमध्ये माझ्या ड्रॉवरात एक फीलर गेज असतं. पोलादी पात्यांचा छोटा पंखाच तो. प्रत्येक पात्याची जाडी वेगळी आणि ती त्याच्यावरच कोरलेली. दोन भागांमध्ये किती फट आहे हे बघायला एकेक पातं आत सरकवून बघायचं. अडकलं तर पातळ घ्यायचं, सैल गेलं तर जाड. इन्स्पेक्शनच्या टेबलावर बावीस वर्षं झाली, पण हे गेज मी कधी घरी नेलं नव्हतं. गेल्या वर्षी मे महिन्यात ते पहिल्यांदा शहापुरात आमच्या घरी आलं, लेकीच्या इलेक्ट्रिक गिटारसाठी.

एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, परीक्षा संपली त्याच दिवशी तिने सांगून टाकलं होतं, "पप्पा, मला मोबाईल नको. गिटार पायजे. इलेक्ट्रिक." कॉलेज सुरू व्हायला दोन महिने होते. मला नाही म्हणावंसं वाटलं नाही, कारण ती इच्छा माझ्या ओळखीची होती. लहानपणी गल्लीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा यायचा, तेव्हा मी गाणाऱ्यांपुढे न बसता बाजूला स्पीकरच्या खांबाजवळ उभा राहायचो, कारण तिथून गिटारवाल्याचा डावा हात दिसायचा. तो तारेवर बोट ठेवून ती जराशी ओढायचा आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माणसं मान वर करायची. एवढ्याशा हालचालीतून एवढा आवाज कसा निघतो, हे कोडं मी बरीच वर्षं मनात बाळगलं.

पण पहिली गिटार आणताना चूक माझीच झाली. फोनवर बघितलं, साडेसहा हजारांत गिटार, छोटा अ‍ॅम्प, पट्टा, केबल, पिशवी, सगळं एका खोक्यात. चौथ्या दिवशी खोकं दारात आलं. लाल चकचकीत रंग, घरात सगळ्यांना आवडली. लेक टिळकवाडीतल्या क्लासला जायला लागली. पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात बोटांची टोकं सोलवटली, ते मी समजून घेतलं, तारेचं वाद्य आहे, घट्टे पडायला वेळ लागतो. तिसऱ्या आठवड्यात वाजवणं कमी झालं. मग गिटार पलंगाच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिली. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "माझी बोटंच तसली हाईत, पप्पा. सगळ्यांचं कॉर्ड बरोबर वाजतंय, माझंच बेसूर."

सोळा वर्षांच्या पोरीने ताटाकडे बघत म्हटलेलं ते वाक्य मला झोपू देईना. दुसऱ्या दिवशी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, आणि फीलर गेज पिशवीत घातलं आणि घरी आणलं.

गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना फ्रेट म्हणतात, सतारीवरच्या पडद्यांचंच काम त्या करतात. तार आणि बारावा फ्रेट यांच्यामधलं अंतर जाड तारेखाली साधारण दोन मिलिमीटर, बारीक तारेखाली दीडच्या आसपास असलं तर बोट सहज बसतं. आमच्या लाल गिटारवर मी जाड तारेखाली मोजलं, ते साडेतीन भरलं. एवढ्या उंचीवरून तार खाली दाबायची म्हणजे ती ताणली जाते, आणि ताणली की सूर वर चढतो. म्हणजे पोर योग्य जागी बोट ठेवत होती, पुरेसं दाबतही होती, आणि नेमकं त्यामुळेच सूर चढत होता. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, तिथे दाबलं की मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर मिळायला हवा. फोनवरच्या ट्यूनरची सुई सहाही तारांना उजवीकडे जाऊन थांबत होती. फ्रेटची टोकं नीट घासलेलीच नव्हती, हात फिरवला की बोचत होती. आमच्याकडे त्याला बर म्हणतात. बर असलेला जॉब माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.

मी तिला बोलावलं, गेज दाखवलं, आकडे दाखवले. "तुझ्या बोटांचं काय नाही गं, वाद्यच चुकीचं आहे." तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता गिटार उचलून स्वतः एकदा मोजून बघितलं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. शॉपमध्ये नवीन आयटीआयचं पोरगं आलं की त्याच्या हातात आम्ही सगळ्यात चांगलं व्हर्नियर देतो. घासलेलं व्हर्नियर जुना माणूस वापरू शकतो, कारण त्याची खोड त्याला ठाऊक असते आणि तो मनातल्या मनात ती वजा करतो. शिकाऊ पोराला ते येत नाही. माप चुकलं तर त्याला वाटतं आपला हातच चुकला. गिटारचंही तसंच आहे. लोक म्हणतात, शिकायला काय, कसली पण चालते. मला हे अजिबात पटत नाही. मुरलेला वादक वाईट गिटारमधूनही सूर काढतो. शिकणाऱ्याला दोष हातात आहे की लाकडात, हे कळायचा काही मार्ग नसतो, आणि बहुतेक पोरं तो दोष स्वतःकडे घेतात. किती गिटारी अशा पलंगामागे गेल्या असतील!

परत पाठवायची मुदत संपली होती. मग रविवारी आम्ही दोघांनी मिळून ती खोलली.

आत बघितल्यावर माझं लहानपणीचं कोडं सुटलं. तारांच्या खाली जी पीकअप असतात, त्यांत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. एकेका पीकअपला सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत किंचित वीज निर्माण होते, ती केबलमधून अ‍ॅम्पमध्ये जाते आणि तिथे मोठी होते. मोटर रिवाइंडिंगवाल्याला हे लगेच कळेल. म्हणून या गिटारला पोकळ पोट लागत नाही, आणि नायलॉनची तार लावली तर तिच्यातून काहीच ऐकू येणार नाही.

वेढे आले की घरातल्या विजेची गुणगुणही आली. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, आणि एकेरी गुंडाळीचं पीकअप ती गुणगुण इमानदारीने पकडतं. 1955 मध्ये सेथ लव्हर या गिब्सन कंपनीतल्या इंजिनिअरने यावर तोड काढली. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवल्या, एकीची दिशा आणि चुंबकाचं तोंड दुसरीच्या उलट केलं. गुणगुण एकमेकींना खोडून टाकते, तारेचा आवाज मात्र दोन्हींचा मिळून येतो. त्याला हंबकर म्हणतात. एकेरी पीकअपचा आवाज मोकळा, काचेसारखा. हंबकरचा भरदार, आणि आवाज फाडून वाजवायचं असेल तर तोच बरा. नवशिक्याला आपल्याला काय आवडणार हे अजून ठाऊक नसतं, म्हणून घोडीजवळ (धडावर तारा जिच्यावर टेकतात ती) एक हंबकर आणि मानेकडे दोन एकेरी अशी जोडणी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. एका गिटारमध्ये दोन्ही स्वभाव ऐकायला मिळतात.

आमच्या घरात ती गुणगुण जरा जास्तच होती. तारांना हात लावला की कमी व्हायची, हात काढला की वाढायची. तारा घोडीवाटे आतून अर्थच्या तारेला जोडलेल्या असतात, म्हणून हाताने फरक पडतो, हे मला माहीत होतं. पण एवढी का, म्हणून प्लगपाशी गेलो तर आमच्या जुन्या घराच्या त्या खोलीत तिसऱ्या पिनेला अर्थच नव्हता. ते काम मी त्याच आठवड्यात वायरमनकडून करून घेतलं. पोरगी धातूच्या तारा हातात धरून अ‍ॅम्पपुढे बसणार असेल, तर गिटारच्या आधी अर्थिंगवर खर्च करा, हे मी कोणालाही हात जोडून सांगेन.

दुसऱ्यांदा घ्यायची तेव्हा मी घाई केली नाही. अठरा हजार ठरवले, पण त्यात सगळं. बहुतेक जण पूर्ण पैसा गिटारवर घालतात आणि अ‍ॅम्प उरल्यासुरल्यात आणतात. इलेक्ट्रिक गिटारचा निम्मा आवाज अ‍ॅम्पमध्ये असतो. फार मोठा लागत नाही. आमच्या घराची भिंत शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून आहे, दहा वॅटही पुरून उरतात. हेडफोनची सोय मात्र हवीच.

क्लासच्या सरांचं म्हणणं होतं, आधी साधी गिटार शिकू दे, मग इलेक्ट्रिक. हे मी खूप ठिकाणी ऐकलंय. सरांचा मान राखून मी माझं मत सांगितलं. साध्या गिटारवर सगळ्यात बारीक तार अकरा किंवा बारा थाऊची असते, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इलेक्ट्रिकवर नऊ थाऊची चालते. बोटांना ती सोपी. शिवाय पोरीच्या कानात जो आवाज आहे तो इलेक्ट्रिकचा आहे. ज्या आवाजासाठी ती पहाटे उठेल, तो आवाज तिला पहिल्या दिवसापासून मिळायला हवा.

कोणती घ्यायची यावर आम्ही दोघं रोज रात्री बसायचो. स्क्वायर हा फेंडरचाच स्वस्त घराणा, यामाहाची पॅसिफिका, इबानेझची जिओ, कोरियाची कोर्ट, अशी नावं वहीत उतरवली. फ्लॉइड रोझ नावाची तरंगती घोडी असलेल्या सगळ्या मी खोडल्या. त्यात एक तार सैल केली की बाकी पाचांचा सूर हलतो, नव्या हाताला सूर लावतानाच रडू येईल. लांबीही बघितली. फेंडरच्या पद्धतीच्या गिटारची तार 648 मिलिमीटर, गिब्सनच्या पद्धतीची साधारण 628. वीस मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ, पण छोट्या पंजाला पहिल्या तीन-चार फ्रेटवर तो जाणवतो. लेकीचा पंजा माझ्याएवढा आहे, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही.

हे वाचताना लिओ फेंडर हा माणूस मला फार जवळचा वाटला. तो रेडिओ दुरुस्त करणारा होता. 1950 च्या सुमारास त्याने जी अखंड लाकडाची गिटार बाजारात आणली, तिची मान चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवलेली होती. धड वेगळं, मान वेगळी, खराब झालं ते बदला. वाद्याकडे त्याने मशीनसारखं बघितलं आणि त्यामुळेच ते सामान्य माणसाच्या खिशात बसलं. आज स्वस्त गिटारींचे भाग सीएनसीवर कापले जातात आणि फ्रेटच्या खाचा अचूक पडतात. ते गणितही सुंदर आहे. तारेची उरलेली लांबी दर वेळी 17.817 ने भागायची, तेवढं अंतर सोडून पुढचा फ्रेट. 648 ला पहिला फ्रेट 36.4 मिलिमीटरवर पडतो, बारावा बरोबर 324 वर. मी व्हर्नियर लावून बघितलं. आमच्या लाल गिटारचेही फ्रेट जागच्या जागी होते. मशीनने आपलं काम चोख केलं होतं. पुढचं हाताचं काम, टोकं घासणं, तारा बसायच्या खाचा खोल करणं, तारांची उंची लावणं, ते कोणी केलंच नव्हतं. स्वस्त आणि महागात जो फरक पडतो त्यातला मोठा भाग या हातकामाचा आहे, असं माझं मत झालंय.

बेळगावात इंजिनिअरिंग आणि मेडिकलची हजारो पोरं बाहेरून येऊन राहतात. मे-जूनमध्ये कोर्स संपला की खोल्या रिकाम्या होतात आणि सायकली, कूलर, टेबलं, गिटारी विकायला निघतात. बागलकोटकडचा एक मुलगा नोकरीला बेंगळूरला निघाला होता. त्याच्याकडे पॅसिफिका 112 होती, मला हवी तशीच जोडणी, एक हंबकर, दोन एकेरी. "नोड्री अंकल, आरामशीर नोड्री," बघा, आरामात बघा, म्हणून त्याने गिटार माझ्या हातात दिली आणि चहा आणायला गेला. लेक त्याच्याशी कन्नडमध्ये बोलत होती, माझं कन्नड शॉपमधलं, मापांपुरतं.

मी आधी गिटार डोळ्यासमोर आडवी धरून मानेच्या कडेने बघितलं, शाफ्ट सरळ आहे का बघतो तसं. पीळ नव्हता. एकेक तार एकेका फ्रेटवर दाबून वाजवली, सहा तारा, बावीस फ्रेट, अर्धा तास गेला. घाई करू नका, विकणारा खरा असेल तर थांबतो. एका ठिकाणी खरखर आली, पण ती तार जुनी असल्याची होती. बाराव्या फ्रेटवर सुई मधोमध. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना थोडा चरचर आवाज, तो स्प्रेने जाणारा. केबलची खाच हलवून बघितली, घट्ट. सूर लावला, तारा जोरात ओढल्या, परत बघितलं, खुंट्या सरकल्या नाहीत. साडेअकरा हजार. पैसे मोजून घेतल्यावर त्या मुलाने लेकीला गिटार परत मागितली, दोन मिनिटं वाजवली आणि मग पिशवीत ठेवून चेन लावून दिली.

घरी आल्यावर शेजारचे मास्तर बघायला आले. भजनी मंडळात पेटी वाजवतात, घरात मिरजेचा तंबोरा आहे. मिरजेत तलवारी घडवणाऱ्या शिकलगारांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली, आणि आज त्या गावच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. मास्तरांनी गिटारची घोडी बोटाने चाचपली. म्हणाले, "हिची जवारी कोण काढणार गा?" तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसीने केसाएवढा घासत नेतात, तार त्याला जिथे हलकेच स्पर्शते तिथून तो गुंजणारा आवाज उठतो. मास्तर दर दोन-तीन वर्षांनी त्यासाठी रेल्वेने मिरजेला जातात. मी सांगितलं, इथे उलटं आहे मास्तर, तार कुठेच घासता कामा नये, पण जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. ते म्हणाले, "म्हणजे काम तेच की. फट राखायची."

मी तेच करायला बसलो. मानेच्या आत एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड. तारा मानेला पुढे ओढतात, सळई मागे धरते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी तार दाबायची, म्हणजे ती सरळ पट्टी होते. मग सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली फीलर गेज सरकवायचं. तिथे आठ ते दहा थाऊची फट हवी, मिलिमीटरमध्ये पाव भरेल न भरेल. मान थोडीशी आत वाकलेली हवी, कारण तार मध्ये जास्त थरथरते. आमची फट पंधरा निघाली. एलन की लावून पाव फेरा आवळली, त्याहून जास्त एका वेळी कधीच नाही, आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी आणखी थोडी. संध्याकाळी आठचं पातं बरोबर, ना अडकून ना सैल गेलं. मग घोडीवरचे बारीक स्क्रू फिरवून तारा खाली घेतल्या. नऊ थाऊचा नवा संच चढवला. हे सगळं लेकीने शेजारी बसून बघितलं, अर्धं तिनेच केलं.

माझी आई दारात उभी होती. तिचं माहेर सुळेभावीच्या बाजूचं. 1924 साली कुमार गंधर्व त्या गावात जन्मले, याचा तिला फार अभिमान. त्यांची भजनं लागली की अजून हातातलं काम थांबवते. ती आत आली, मानेवरच्या काळपट लाकडावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे शिसवासारखं लागतंय." तिच्या आईचा पलंग शिसवाचा होता, खानापूरच्या रानातलं लाकूड. मी म्हटलं, होय, त्याच कुळातलं. तिने पुढचं विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "ह्याच्यावर मींड निघते काय?" पेटीवर निघत नाही हे तिला मास्तरांच्या शेजारी बसून ठाऊक.

लेकीने तिसरी तार सातव्या फ्रेटवर धरली, वाजवली आणि हळूच वर ढकलली. सूर एका पायरीवरून दुसरीवर उडी न मारता घसरत गेला. पोहोचला तिथे जरा थरथरला, कारण बोट अजून कच्चं आहे. आई पलंगावर बसली. "परत काढ." लेकीने परत काढली. मग सहा-सात वेळा.

यंदा जूनमध्ये पाऊस लागला आणि आमच्या घरात नेहमीसारखी ओल आली. कपडे वाळेनात, कपाटाचं दार लागेना. मी सेकंड शिफ्ट करून रात्री अकराला आलो, तर खोलीत दिवा होता. लेक गिटार मांडीवर घेऊन बसली होती, पहिल्या फ्रेटवर डावा हात, शेवटच्या फ्रेटवर कोपर, आणि तारेखाली पातं सरकवत होती. माझं गेज मी केव्हाच शॉपला परत नेलं होतं, हे तिने स्वतःच्या पैशातून आणलेलं.

"बारा थाऊ," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, वरच्या फ्रेटवर जड लागूलालं. माझा हात नाही पप्पा, मान हललीय."

मी रेनकोट काढून दारामागे अडकवला. तिने एलन की लावली, पाव फेरा आवळली आणि गिटार पिशवीत ठेवली.

"आता सकाळी बघू," म्हणाली.